‘खेळ मोडला’ म्हणायचं राहिलं

हे खरं आहे. आधीच सांगते, कारण खाली कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, "आजी, मस्त स्टोरी!"

स्टोरी नाही ही.

मला गोष्टी रचता येत नाहीत. अक्षरं मला बावन्नाव्या वर्षी आली. चर्चच्या हॉलमध्ये सिस्टरांनी हात धरून गिरवून घेतली तेव्हा. त्यामुळे जे घडलं तेवढंच लिहिता येतं. तेही हळूहळू.

शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४. संध्याकाळचे सव्वासहा. ठिकाण वसईतलं गास, आमच्या घराची मागची बाजू.

मागे पूर्वी बावखल होतं. वसईबाहेरच्यांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. आमची केळी त्याच्यावर जगली. काठावर रहाट होता. आता बावखल भरून टाकलंय. वर चार मजली इमारत आहे, खाली पार्किंग. पार्किंगच्या पलीकडे दुसऱ्या इमारतीच्या पायासाठी खणलेला खड्डा. काम बंद पडून दोन वर्षं झाली. मी दोन वर्षं ओरडतेय, चारी बाजूंनी पत्रे लावा, पोरं खेळतात. कुणी ऐकत नाही.

त्या खड्ड्यात मे महिन्यातसुद्धा पाणी असतं.

आटेल कसं? बावखलाचंच आहे ते.

घरात आम्ही पाच माणसं. मी हिल्डा, वय चौऱ्याहत्तर. नातू ऑस्कर, त्याची बायको, त्यांची सात वर्षांची एलिसा. आणि ऑस्करची बहीण विनी. विनी अजून बिनलग्नाची. ती मोबाइलवरचे, कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. तिचा कामातला जोडीदार विघ्नेश विरारहून येतो. आमच्या मागच्या खोलीत, जिथे आम्ही केळी पिकत घालायचो, तिथे दोघं बसतात. त्या खोलीला खिडकी नाही. बाहेरचा आवाज आत येत नाही.

येत नव्हता.

मागच्या पावसाळ्यात विनी मला म्हणाली, "आजी, एक गोष्ट सांग ना. खरी. आपल्या वाडीतली. भुताची नको हां, भीतीची."

मी तिला कार्मिनची गोष्ट सांगितली.

१९५९ साल. आम्ही चार पोरं. मी नऊ वर्षांची. फर्डिनंड, आलोशियस आणि कार्मिन. कार्मिन सर्वांत लहान, सात वर्षांची. रोज तिन्हीसांजेला लपंडाव. एका संध्याकाळी कार्मिन लपली आणि घरी आलीच नाही. तिच्या आईनं हाका मारल्या. सगळी वाडी कंदील घेऊन फिरली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बावखलात सापडली. रहाटाच्या मागे पाण्यात उतरायची पायरी होती, तिथे ती लपली होती. पाय घसरला असणार.

एवढंच सांगितलं. यातला एक शब्द खोटा नाही.

पण अर्धीच होती ती गोष्ट.

विनीनं त्यावर खेळ बांधला. खेळणाऱ्याच्या हातात कंदील. वाडीत फिरायचं, लपलेली पोरं शोधायची. फर्डिनंड पेंढ्यात सापडतो. आलोशियस आंब्यावर. मग रहाटापाशी जायचं. पाण्यावर वर्तुळं उठतात. लांबून आईची हाक येते. पडदा काळा होतो आणि अक्षरं उमटतात. ती मी स्वतः वाचली.

‘कार्मिन बाहेर आली नाही.’

"हे काय गं?" मी विचारलं.

"शेवट."

"हा कसला शेवट? काढ तिला बाहेर."

"आजी, तूच सांगितलंस ना, नाही आली म्हणून?"

"मी सांगितलं ते घडलेलं. हे तू करतेयस."

विघ्नेश खुर्ची फिरवून हसला. "आजी, हॉररमध्ये सगळी मुलं सुखरूप घरी गेली तर हॉरर कसला? लोक शिव्या घालतील."

"घालू देत. मुलांच्या खेळाला एकच शेवट असतो, बाबा. दिवे लागतात आणि सगळी घरी जातात."

"आणि जी जात नाहीत त्यांचं काय?" विनी म्हणाली. ती चिडली की हळू बोलते. "गोड शेवट केला की माणूस मोबाइल ठेवतो आणि जेवायला बसतो. कार्मिन पाच मिनिटंसुद्धा त्याच्यासोबत राहत नाही. मला ती राहायला हवीय."

"रोज नवा माणूस येऊन तिला पुन्हा मारणार. ही तुझी आठवण?"

"आजी, गेम आहे तो!"

हे वाक्य मी महिन्यात शंभरदा ऐकलं असेल. गेम आहे तो. काहीही बोला, उत्तर तेच. ऑस्करला सांगितलं, तो म्हणाला, "आजी, तिचं काम आहे, तिला करू दे." एलिसाच्या आईला सांगितलं, ती म्हणाली, "मी बघतच नाही असलं." माझं डोकं भणाणून जायचं.

विनीनं पन्नासेक अनोळखी माणसांना खेळ आधीच खेळायला दिला. निम्म्यांनी कळवलं, शेवट काळजाला लागला. निम्मे चिडले, लहान मुलांच्या बाबतीत असलं दाखवतात का म्हणून. विनी खूश.

"बघ, भांडतायत. म्हणजे लागलंय त्यांना."

मी त्या चिडलेल्यांच्या बाजूची होते. पण का होते, ते मला कुणाला सांगता येत नव्हतं.

मग विनीला आईची हाक हवी झाली.

"तुला कार्मिनच्या आईचा आवाज आठवतो, आजी? तू मारशील हाक?"

मी नाही म्हणायला हवं होतं.

पण ती हाक माझ्या गळ्यात पासष्ट वर्षं बसलेली आहे. केळी पिकवायच्या खोलीत दार लावून घेतलं. पुढ्यात माइक ठेवला. मी डोळे मिटले आणि हाक मारली.

"कार्मिन गोऽ... दिवे लागले गोऽ... घरा ये गो बाय..."

विनीच्या अंगावर काटा आला. हात पुढे करून दाखवला तिनं. "आजी, तू कमाल आहेस!"

विघ्नेशनं आवाज परत लावला.

माझी हाक. मग शांतता.

आणि मग...

कुणीतरी हसू दाबलं.

लहान पोर तोंडावर हात घट्ट धरून हसतं ना, नाकातून सुटलेला श्वास... तसं.

"एलिसा आहे का आत?" विघ्नेशनं टेबलाखाली पाहिलं.

एलिसा शाळेत होती.

त्यानं तो तुकडा पुसला. पुन्हा लावलं. हसू तिथेच. मला पुन्हा हाक मारायला लावली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. दर वेळी हाक संपली की शांतता, आणि मग ते हसू. तिसऱ्या वेळी जरा जवळून.

"राहू दे," विनी म्हणाली. "भारी वाटतंय."

भारी!

मी उठून बाहेर आले. ओट्यावर बसले.  त्या हसण्याला मी ओळखलं होतं. कार्मिनला कधीच नीट लपता यायचं नाही. तिला लपल्या लपल्या हसू फुटायचं.

त्यानंतर खेळातली कार्मिन जागेवर राहीना.

हे मला विघ्नेशकडून कळलं. चहा घेताना तो वैतागून बोलत होता. "विनी, मी तिला रहाटाच्या मागे ठेवलीय. चार वेळा चेक केलं. गेम सुरू केला की ती तिथे नसतेच. काल एका छपरामागे सापडली, एका फुटक्या रांजणाशेजारी. रांजणाचं चित्र तू काढलंस का?"

"मी कशाला काढू? बग असेल."

"बग रांजण काढतो?"

मी कप खाली ठेवला.

रांजण होता. आलोशियसच्या घराच्या पडवीमागे, तळ फुटलेला. कार्मिनची लपायची दुसरी जागा होती ती. मी विनीला कधी सांगितली नव्हती. सांगू शकेल असं दुसरं कुणी उरलंही नाही. आलोशियस जाऊन वीस वर्षं झाली. फर्डिनंड तीन वर्षांमागे गेला.

मी फक्त म्हटलं, "विनी, बंद कर हा खेळ. नाहीतर तिला घरी आण."

"आजी, प्लीज. पुन्हा नको."

आता एलिसाचं सांगते.

एलिसा माझी पणती. मला मोठी आजी म्हणते. तिचा आवाज जरा चिरका, पण लांबपर्यंत पोचणारा. फर्डिनंड होता तोवर म्हणायचा, "हिल्डा, ही पोर बोलली की मागे वळून बघतो मी. वाटतं, तूच बोलतेस, नऊ वर्षांची."

विनी तिला खेळ खेळू देत नव्हती. पण घरातल्या पोरीपासून घरातली वस्तू किती लपवणार? ऑक्टोबरच्या सुट्टीत ती गुपचूप खेळली. मग तिनं एक नवी खोड धरली.

हाक मारली की यायचंच नाही.

तिची आई जेवायला बोलावतेय, ही दाराआड उभी. हूं नाही की चूं नाही. आईनं दोनदा धपाटे घातले. एका दुपारी मी तिला पडद्यामागे पकडलं.

"काय गं, आई घसा फोडून ओरडतेय, ओ द्यायला काय होतं?"

ती माझ्या कानाशी आली. "हाक मारली तर जायचं नसतं, मोठी आजी. फसवतात."

"कोण फसवतं?"

"ज्याच्यावर राज्य असतं ना, तो. आईसारखा आवाज काढतो."



"कुणी सांगितलं तुला?"

"कार्मिनने."

"खेळातल्या?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी. "दुसरी कुठली कार्मिन आहे?"

विनीला सांगितलेली गोष्ट अर्धी होती, असं मी वर लिहिलंय. उरलेली अर्धी आता लिहिते. चर्चमध्ये फादरांपाशी मी आयुष्यभर पापांची कबुली दिली. हे एक कधी दिलं नाही.

आमच्या वाडीत लपंडावाचे नियम पक्के होते. सगळी सापडली नाहीत आणि काळोख पडला, तर ज्याच्यावर राज्य त्यानं मध्ये उभं राहून तीनदा ओरडायचं, "खेळ मोडला! खेळ मोडला! खेळ मोडला!" तेव्हाच लपलेल्यांनी बाहेर यायचं. दुसऱ्या कुणाच्याही हाकेला नाही. कारण राज्य असलेला लबाडी करायचा. मोठ्या माणसांचे आवाज काढायचा. पोर फसून बाहेर आलं की पकडायचा.

ती लबाडी मला सगळ्यांत छान यायची. कार्मिनच्या आईची हाक मी अशी मारायचे की तिचं कुत्रंसुद्धा शेपटी हलवत यायचं.

त्याच आठवड्यात मी कार्मिनला तशी फसवली होती. ती "आलेऽ गो आई" म्हणत धावत आली आणि सगळे हसलो. ती रडली. पाय आपटून म्हणाली, "आता मी कध्धीच फसणार नाही."

आणखी एक नियम होता. जो खेळ मोडेल, दुसऱ्या दिवशी राज्य त्याच्यावरच.

त्या संध्याकाळी राज्य माझ्यावर होतं. सलग चौथा दिवस. फर्डिनंड सापडला. आलोशियस सापडला. कार्मिन काही सापडेना. काळोख झाला. मला राग आला. खेळ मोडला म्हटलं असतं तर उद्या पाचव्या दिवशी पुन्हा माझ्यावरच.

म्हणून मी म्हटलंच नाही.

त्या दोघांना म्हटलं, ती घरी गेली असेल. आणि गुपचूप घरी येऊन जेवायला बसले.

बाहेर कार्मिनची आई हाका मारत होती. खरी आई. मी घास चावत ऐकत होते. मला ठाऊक होतं, कार्मिन येणार नाही. तिला वाटत असणार, हिल्डाच आहे. रात्री कंदील घेऊन माणसं फिरली तेव्हाही ठाऊक होतं. तोंड उघडायची भीती वाटली. मार पडेल म्हणून.

एवढ्याशा कारणासाठी.

तर १६ नोव्हेंबर.

सहा वाजता दिवे लागले. एलिसाच्या आईनं हाक मारली. नेहमीसारखी ओ नाही. तिनं दारं पाहिली, पडदे पाहिले, पलंगाखाली पाहिलं. मग माडीवर. मग शेजारी.

कुठेच नाही.

"एलिसा! ए एलिसा! मस्करी बस झाली!"

ऑस्कर पार्किंगमध्ये धावला. गाड्यांच्या खाली मोबाइलचा उजेड मारत फिरला. विनी, विघ्नेश खोलीतून बाहेर आले. इमारतीतली माणसं गॅलरीत आली. सगळे मिळून हाका. एलिसा... एलिसा...

मी मागच्या पायरीवर उभी होते.

आधी रातकिडे थांबले.

मग कुठलं तरी कुत्रं भुंकत होतं, ते गप्प झालं.

तेवढ्यात एलिसाची आई मोठ्यानं ओरडली, "एलिसा, घरी ये गं बाळा!" आवाज फाटला तिचा. आणि त्या हाकेनंतरच्या शांततेत, पार्किंगच्या पलीकडून...

दाबलेलं हसू.

एक नाही. दोन.

"खड्डा!" मी ओरडले. "ऑस्कर, खड्ड्याकडे जा!"

तो धावला. उजेड टाकला. "इथे कोण नाही, आजी! पाणीच आहे नुसतं!"

"आहे! ती बाहेर येणार नाही!"

"येणार नाही म्हणजे काय? आजी, आता नको तुझं..."

मला माझाच संताप आला. पासष्ट वर्षं गिळलेला एक शब्द. तो म्हटला तर सगळ्यांपुढे कारण सांगावं लागणार होतं. आणि त्या क्षणीसुद्धा, खरं लिहिते, मी तीन श्वास थांबले.

मग पार्किंगच्या मध्यावर जाऊन उभी राहिले.

"राज्य माझ्यावर आहे! हिल्डावर! खेळ मोडला! खेळ मोडला! खेळ मोडला!"

सगळे माझ्याकडे बघत राहिले. म्हातारी बिथरली, असं वाटलं असणार.

पाणी डुचमळलं.

खड्ड्याच्या कोपऱ्यात, लोखंडी सळ्यांच्या मागे, एलिसा उभी होती. कमरेएवढ्या पाण्यात. पायाखाली सिमेंटचा जेमतेम वीतभर कठडा. त्याच्यापुढे खोल. ऑस्करनं दोनदा तिथेच उजेड टाकला होता. शपथेवर सांगतो, तिथे कुणी नव्हतं म्हणाला.

त्यानं तिला ओढून वर घेतलं. तिच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. दिवसभर पाण्यात राहिल्यासारख्या. ती तर पाच वाजता माझ्या शेजारी बसून बिस्किट खात होती.

"आई हाक मारत होती, ऐकू नाही आलं तुला?" ऑस्कर तिला गदागदा हलवत होता.

"आलं. पण ती खरी आई आहे की नाही, कसं कळणार?"

"मग आता कशी आलीस?"

"मोठी आजीने खेळ मोडला ना."

मग तिनं मागे वळून काळ्या पाण्याकडे पाहिलं. हात केला.

"चल ना गं."

 मीच विचारलं, "ती नाही येत?"

"नाही." एलिसा कुडकुडत होती. "ती म्हणते, हा हिल्डाचा आवाज नाहीच. हिल्डा नऊ वर्षांची आहे. ही कुणीतरी म्हातारी बाई हिल्डाचा आवाज काढतेय. फसवायला."

ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. ऑस्करला, त्याच्या बायकोला, विनीला, विघ्नेशला. कुणी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

 विनी म्हणाली, "आजी, मी शेवट बदलते."

"आता?"

"तू म्हणत होतीस तसा. खेळणाऱ्यानं मध्ये उभं राहायचं, तुझा आवाज येणार, खेळ मोडला. आणि तिघं बाहेर येणार. बस. मला नको तो आधीचा शेवट."

महिनाभर जिच्याशी भांडले तिनं आपणहून मान्य केलं. मला हायसं वाटायला हवं होतं.

मी माइकपुढे बसून तीनदा म्हटलं. दोघं आठ दिवस काम करत होते. मग मला बोलावलं. खेळ सुरू झाला. कंदील, वाडी, रहाट. माझा आवाज. खेळ मोडला.

पेंढ्यातून फर्डिनंड आला. आंब्यावरून आलोशियस उतरला.

रहाटापाशी पाणी हललं... आणि थांबलं.

"का नाही येत?" विनी.

"येतेय ती, मी लिहिलंय तसं. हे बघ, इथे लिहिलंय." विघ्नेशनं पडद्यावर बोट ठेवलं. त्याचा चेहरा उतरला होता. "हे सगळं बरोबर आहे. ती यायला पाहिजे."

पुन्हा लावलं. दोघंच आले. वीस वेळा लावलं. दोघंच.

"आवाज बारीक करून बघू," तो म्हणाला. "लहान मुलीचा करतो."

केला. पोपटाला पडसं झाल्यासारखा. त्या बंद खोलीत, आमच्या मागे, कुणीतरी हसू दाबलं. विघ्नेश तसाच उठला, चप्पल न घालता विरारला गेला. नंतर चार दिवस फोन उचलला नाही.

खेळ तसाच, दोघंच बाहेर येणारा, डिसेंबरात सगळ्यांसाठी खुला झाला. पुष्कळ जण खेळतात म्हणे. खाली काय काय लिहितात. मी चष्मा लावून सगळं वाचते. ‘लहान मुलीला शेवटी मारायची काय गरज होती?’ ‘एवढं शोधून शेवटी हे? फालतू.’ ‘असा शेवट करायला धाडस लागतं.’ दोन्ही बाजूंनी कचाकचा भांडतात, शोकांत शेवट हवा की नको.

मला ओरडून सांगावंसं वाटतं. अरे बाबांनो, आम्ही सुखाचाच लिहिलाय!

तिला तो पटत नाही, त्याला आम्ही काय करणार?

 

खड्ड्याला आता पत्रे लागलेत. एलिसाला मी डोळ्यांआड होऊ देत नाही. रोज तिन्हीसांजेला मागच्या पायरीवर रोझरी म्हणत बसते. म्हणून झाली की पार्किंगकडे तोंड करून तीनदा म्हणते. खेळ मोडला. लोक हसतात. पलीकडूनही हसू येतं. रोज. त्याची सवय झाली होती मला. वाटायचं, आहे तिथे आहे.

मागच्या महिन्यात एक दिवस एलिसा शेजारी येऊन बसली.

"मोठी आजी, मी ओरडू? फर्डिनंड आजोबा म्हणायचे ना, माझा आवाज तुझ्यासारखा आहे. ती येईल."

"खबरदार!" मी म्हटलं. "जो खेळ मोडतो, दुसऱ्या दिवशी राज्य त्याच्यावर. ऐकलंस?"

तिनं मान हलवली. मी रोझरीची माळ गुंडाळून ठेवायला वाकले. दोन सेकंद. तेवढ्यात ती पायरीवर उभी राहिली, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि...

"खेळ मो..."

मी तिचं तोंड दाबलं.

तो माझा आवाज होता. नऊ वर्षांची असतानाचा. मलाच तो पासष्ट वर्षांनी ऐकू आला.

पत्र्यांच्या मागे पाणी डुचमळलं. कुणीतरी उठून उभं राहिल्यासारखं. मग ओली पावलं. एक... दोन... तीन... पार्किंगच्या फरशीवर.

थांबली.

अर्धाच शब्द होता ना.

आम्ही दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी विनी म्हणाली, खेळातली कार्मिन आता कुठेच सापडत नाही. रहाटामागे नाही, रांजणापाशी नाही. लोक वाडी पालथी घालतायत.

मी अजून रोज पायरीवर बसते. तीनदा म्हणते. पण त्या दिवसापासून पलीकडून हसू येत नाही.

लपलेल्याचं हसू थांबलं की त्यानं जागा बदलली, हे आम्हा पोरांना तेव्हाही कळायचं.